हवेत पावणेतीन तास

आर्णी,
दि. २९ नोव्हेंबर २००५

चि. संघदीप,

जयभीम. मी बरा आहे. दीपा अजून माहेरीच आहे. जावईबापू तिकडे हाताने पोळ्या लाटतात म्हणे.

काल स्टँडवर बसून तुझ्या एका येण्याचा खरा हिशेब मांडला. मस्कत ते मुंबई सोळाशे किलोमीटर, हवेत पावणेतीन तास. त्याआधी विमानतळावर तीन तास. मुंबई ते आर्णी त्याच्या निम्म्याहून कमी वाट, पण अठरा तास. मी आजवर लोकांना फक्त हवेतले तास सांगत आलो. "नागपूरले साडेचार तास लागते, माहा पोरगा त्याच्याहून जवळ हाय," म्हटलं की मागच्या सीटवरच्या बायाही हसायच्या. क्लीनर होतो, आता दोन काळी-पिवळी जीपचा मालक आहे; एवढा तोरा चालतो असं वाटायचं.

औंदा कापसाचा भाव उतरला. ज्याच्या घरी कापूस पडून आहे, तो यवतमाळला कायले जाईल? पंधरा मिनिटांत भरणारी जीप दोन-दोन तास उभी असते. मागच्या हप्त्यात तीन फेऱ्या चटकन भरल्या. तिन्ही मयतीच्या.

तुझं पत्र दीपाने मोठ्याने वाचलं. 'मी वेळेवर पोचलो नाही, मला माफ करा' इथवर आली, आणि मी जीप पुसायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

तुला फोन केला दहा तारखेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी तुझ्या आईला तपासून मला एक तारखेलाच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुलाला बोलावून घ्या." हे दीपालाही ठाऊक नाही. तुझी आई म्हणाली, "त्याले कायले हैराण करता, नवी नोकरी हाय." मी लगेच ऐकलं. एरवी तिचं कधी ऐकलं? पावणेतीन तास तर आहेत, म्हटलं, अगदीच वाटलं तर बोलावू. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, हे तीस वर्षं पाहणारा माणूस मी, आणि विमान आपल्यासाठी चालूच उभं आहे असं धरून बसलो.

फोनवर तू म्हणालास, विमानात जागा नाही. तुझ्यामागे कोणीतरी बोललं, "पासपोर्ट के लिए साहब के पास फिर जाके देख." इंजिनची बारीक कुरकुर ओळखणारे कान आहेत माझे. तरी "बरं" म्हणून फोन ठेवला.

अकराला संध्याकाळी तुझ्या आईनं विचारलं, "निघाला का?"

"बसला विमानात. तीन तासांत येते."

"मंग दीपाले सांगा, भात जास्त टाक म्हना."

दीपाने टाकला. बाराला सकाळी तुझी आई गेली.

तू स्वतःला बोल लावू नकोस. आपल्या दुसऱ्या जीपवरचा भीमसिंग तुला माहीत आहे. त्याचा भाऊ तिकडे चार वर्षं राहून आला. परवा त्याला विचारलं, "साहेबाच्या कपाटातून पासपोर्ट निघायले किती वेळ लागते रे?"

"घाई केली तरी आठ दिवस, काका."

आठ दिवस, आणि वर एका दिवसाची वाट. डॉक्टरांनी सांगितल्यावर तुझी आई अकरा दिवस होती.

तुझा बाप,
डोमाजी