मुरघासाची मूठ कोणाची

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, राहणार गोठ्यामागची खोली, पूर्ण शुद्धीवर आहे व मला कोणी भरीस घातलेले नाही. उद्या सकाळी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. किरकोळ असेल तर आधी सही का घेतली, हे कळले नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

१. सायकल व बँकेतील शिल्लक आईला. मामेभावाने मागितली तरी सायकल देऊ नये. मागच्या वेळी ती घंटीशिवाय परत आली.

२. तुटक्या कानाची गाय ताईला. ती तशीही माझे ऐकत नाही (गाय).

३. कापलेले गवत शेतात सुकत पडले आहे. मुरघासासाठी, म्हणजे गायींच्या आंबवलेल्या चाऱ्यासाठी, खड्ड्यात दाबण्याआधी आमच्याकडे ते मुठीत आवळून बघतात. गोळा तसाच राहिला व तळवा भिजला, तर गवत फार ओले; मुरघासाला घाण वास येतो. लगेच विस्कटले, तर फार कोरडे. नीट दाबले जात नाही, आत हवा राहते, बुरशी धरते. गोळा सावकाश उलगडला की भरायचे. आजोबांनंतर हे काम माझे. आज गोळा तसाच राहिला. सबब आणखी एक दिवस सुकवावे.

४. कलम ३ वाचून ताईने मूठ आवळली. तिचा गोळा सावकाश उलगडला. म्हणाली, "अरे, तुझे हातच घामेजलेले. गवताला कशाला नावं ठेवतोस?"

बाबा म्हणाले, "परीक्षेतही पेपर भिजवून आला होता हा."

मी हात पुसून पुन्हा आवळले, तर लगेच विस्कटले. आता काय खरे समजावे? गेल्या वर्षी मी असेच एक दिवस जास्त सुकवले. खड्डा उघडला तर आत गरम, पांढरी बुरशी. गायींनी तोंड फिरवले. खड्ड्यावरची ताडपत्रीच खराब, असे धरून ताडपत्रीवाल्याशी मी तेव्हापासून बोलत नाही. आता बोलावे का, तेही ठरत नाही.

५. कलम ३ रद्द. यापुढे मूठ ताईची. उद्या मी बेशुद्ध असेन, तेवढ्यात तिने खड्डा भरून घ्यावा. बाबांनी मध्ये पडू नये. मी वाचलो, तरी हे कलम कायम राहील.

साक्षीदार:
शेजारचा ट्रॅक्टरवाला (सही)
डेअरीवरच्या मावशी (अंगठा)

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी

माझी सही पसरली आहे. शाईचा दोष नाही.