अवाच्यांची पाकिटे

३ जून
भाचीच्या कचेरीत आज रुजू झाले. निवृत्तीनंतर माझ्या तर्कशास्त्राला असे काम मिळावे, याचा आनंद लपवणार नाही. इथली रीत न्यारीच आहे. प्रत्येक जण आपल्या दाराचा, दिव्याचा, पंख्याचा नियम लिस्प या संगणकभाषेत स्वतः लिहितो, आणि ‘वाचक’ नावाचा प्रोग्राम रोज सकाळी ते सारे वाचून इमारत चालू करतो. एकाचाही मजकूर अवाच्य निघाला, तर वाचक जागीच थांबतो. वायरमनने हसत समजावले, “बाई, इथे एकाचा कंस सुटला की सगळ्यांचा चहा तुटतो!” वाचकाला सौजन्य शिकवणे, हे माझे काम.

५ जून
उपाय साधा ठेवला. वाचकाला जे वाचता येत नाही ते त्याने ‘पाकिटात’, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, बंद करावे, तक्रार करू नये, पुढे जावे. सकाळी कोणाचाही दिवा अडला नाही. भाचीने सर्वांदेखत मिठी मारली. म्हणाली, मावशी, तू आधीच यायला हवी होतीस.

१० जून
वायरमनचा नियम पाकिटात गेला आहे. मी तो अक्षरन् अक्षर तपासला, दोष नाही. म्हणजे शक्यता दोनच : वाचक चुकतो, किंवा कोणीतरी त्याला हात लावला आहे. मला दुसरीचा संशय आहे. वायरमन दारातच शिडीवर उभा होता. लोक शिडीला वळसा घालून हसतमुखाने जात होते. त्याच्याविषयी भाचीला विचारले. कोण वायरमन, असे तिने मलाच विचारले.

१२ जून
तिसरी शक्यता मी गृहीतच धरली नव्हती. माझा नियम प्रोग्रामपुरता राहिलेला नाही, माणसेही तो पाळू लागली आहेत. वायरमन आज माझ्याशी बोलला. ओठ हलताना दिसले, शब्द मात्र एकही — आणि मी स्मित करून पुढे गेले. मी!

१३ जून
आज भाचीचे पाकीट. तिचे दार उघडत नाही. आतून थापा. बाहेर सगळे शांतपणे चहा घेत आहेत. जुना नियम पुन्हा लिहिला — अडलास तर थांब, ओरड, पुढे जाऊ नकोस. वाचकाने तोच पाकिटात घातला.

१४ जून
दार मी फोडले. कशासाठी, ते आठवत नाही. आत एक बाई आहे. माझा दंड धरून रडते. नाक थेट माझ्या बहिणीचे. एकच शब्द पुन्हा पुन्हा — ओठ मिटतात, उघडतात. हसून पुढे जावेसे वाटते. नाही. थांबले पाहिजे. तो शब्द लिहून ठेवते, म्हणजे निदान — ती म्हणते आहे —