हात धरून बसेन

डहाणू, मार्च १९६४

ती. एकनाथदादास वसूचा नमस्कार.

आईच्या छातीत गाठ आहे. आज तिनेच मला न्हाणीघरात बोलावून दाखवली. मुंबईच्या इस्पितळात रोज अशा रोग्यांना किरण देणारी मी, पण ती गाठ मी पुन्हा पुन्हा चाचपत राहिले.

"उद्याच मुंबईला चल," मी म्हटलं.

"किरण देताना तू जवळ असशील ना?"

यंत्र सुरू करण्याआधी आम्ही सगळे बाहेर येतो आणि जाड दार लावतो. आत रोगी एकटाच असतो.

"हो, हात धरून बसेन," मी म्हणाले.

तुला कळवायचं नाही, अशी शपथ तिने घातलीय. म्हणून हे पत्र टाकणार नाही. दादा, मला फार भीती वाटतेय. आत्ता ती दोन शाली बांधतेय. एक माझ्यासाठी, त्या खोलीत गारठा असेल म्हणून.

तुझी धाकटी,
वसुमती