दूरच्या रुग्णालयाच्या सिरिंजमध्ये औषध जास्त भरू देण्याबाबत

प्रति,
मा. वितरण अधिकारी,
विभागीय अणुऔषध केंद्र, मुख्य कार्यालय.

विषय : गाडीच्या शेवटच्या थांब्यावरील रुग्णालयासाठी वाढीव औषध भरण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले समान वाटपाचे परिपत्रक. २) त्यावरील माझा अर्ज. ३) त्या अर्जाच्या उत्तरादाखल आलेले आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

१. मी केंद्रातील फार्मासिस्ट. हाडांच्या तपासणीचे किरणोत्सारी औषध रोज पहाटे मी सिरिंजमध्ये भरतो, शिशाच्या डब्यांत बंद करतो आणि गाडी सुटते. सहा तासांत या औषधाचा जोर निम्मा होतो. तरीही परिपत्रकानुसार निघतानाचे माप सर्वांना सारखेच. सगळ्यांना बर्फाचा सारखाच तुकडा द्यावा आणि एकाला तो उन्हातून लांब न्यायला सांगावा, त्यातला हा प्रकार आहे. शेवटच्या रुग्णालयात गाडी दुपारी पोहोचते, तेव्हा औषधात जेमतेम अर्धा जीव असतो.

२. हे मी मागील अर्जात लिहिले होते. त्यावर समान वाटप काटेकोर राखल्याबद्दल माझे अभिनंदन झाले, तसेच दूरच्या रुग्णालयासाठी औषध आदल्या संध्याकाळी पाठवून साठा करावा, अशी सूचना आली. महोदय, तसे केल्यास दुपारपर्यंत डब्यात सांगण्यासारखे काही उरणार नाही.

३. त्या रुग्णालयात शिवणकाम करणाऱ्या एक बाई येतात. त्यांचा कर्करोग हाडांत उतरला आहे का, हे कळल्याशिवाय डॉक्टर शस्त्रक्रियेला हात घालत नाहीत. औषध अशक्त, म्हणून कॅमेऱ्याखाली त्यांना फार वेळ निजवतात. पाठ दुखते, तरी त्या पडून राहतात. चित्र पुसटच येते आणि त्यांना पुन्हा बोलावले जाते. मागच्या खेपेस आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांना त्यांनी विचारले, “माझंच काही चुकतंय का हो? मी तर जराही हलले नाही, श्वाससुद्धा जपून घेतला.” काकांनी परत येताच हे मला सांगितले.

४. माझ्या आईचीही हीच तपासणी झाली. ती केंद्राजवळच्या रुग्णालयात गेली, एका खेपेत चित्र लख्ख आले, आता उपचार सुरू आहेत. तिच्या आणि त्या बाईंच्या सिरिंज भरणारे हात माझेच. त्या दिवसापासून आईने जेवायला वाढले की मी अर्ध्या ताटावरून उठतो. मला लाज वाटते.

५. वाढीव भरलेले औषध टोचतेवेळी इतरांइतकेच उरेल. कुणाला काडीचेही जास्त मिळणार नाही. बाईंना येत्या गुरुवारी पुन्हा बोलावले आहे, तरी त्याआधी परवानगी द्यावी.

६. परवानगी देणे शक्य नसल्यास, निदान कार्यालयाच्या शिक्क्यानिशी आणि आपल्या सहीने त्या बाईंना एक पत्र द्यावे : “आपण हलला नव्हता.” ते घेऊन मी स्वतः जाईन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
फार्मासिस्ट, औषध भरण विभाग
सोमवार, गाडी गेल्यानंतर

सोबत : १) आईच्या तपासणीचे चित्र, तिच्या संमतीने.
२) बाईंचे चित्र जोडलेले नाही. जोडण्यासारखे अद्याप आलेले नाही.