रोज बहात्तर

अहो,

तुमची नाडीची वही घेऊन मी डॉक्टरांकडे चालले आहे. उठल्यावर शोधत बसू नका आणि मी येईपर्यंत पर्वती चढायला मुळीच जाऊ नका.

अँजिओप्लास्टीनंतर दीड महिना तुम्ही वहीत लिहिताय : चढण्याआधी बहात्तर, चढून आल्यावर बहात्तर. अहो, एवढ्या पायऱ्या चढल्यावर देवाचीसुद्धा नाडी वाढेल! हळूहळू वाढवलेल्या व्यायामानं हृदय बळकट होतं, हे मी पुस्तकं वाचून मानलंय. पण याच आकड्यांवर विसंबून डॉक्टर सोमवारपासून तुम्हाला पळायला लावणार आहेत.

मघाशी तुम्ही झोपलात तेव्हा मनगट धरून मोजलं. मध्येच एखादा ठोका चुकतो. माझंच चुकत असेल म्हणून तीनदा मोजलं.

दवाखाना चारला उघडतो. पहिला नंबर लावते आणि रिक्षा घेऊन तुम्हाला न्यायला येते. आपल्या पोराला, शुभंकरला, हिंजवडीत कळवलेलं नाही. तो कंपनीतलं काम टाकून धावत येईल.

खोटं लिहिलंत याचा राग नाही. नाडी मोजायचीच भीती वाटत होती, तर मला सांगायचं होतंत. मीही घाबरलेलीच होते की.

वैजयंती