मोहाखालची आग

इंझोरी

प्रिय फुलसिंगकाका,

महिना झाला, रोज म्हणतो लिहू, आन् रोज कुठंतरी भटकाले निंगून जातो. फोन केला असता, पण तुमचा आवाज आयकला की मले काही सुचत नाही. हे पत्र अंजूकडूनच वाचून घ्या, ऊसतोडीच्या मुकादमाले देऊ नका.

गावात वणव्याचा आराखडा नव्यानं करून राह्यले. सरपंच निताताईनं नकाशा काढाचं काम मले देलं. म्हणे, बिनकामाचा तूच फिरतोस, रस्ते तुलेच ठाऊक. चार दिवस डोंगर पालथा घातला. आग अडवाले पाला काढून पट्टा कुठं करायचा, टँकर कुठवर चढतो, बकऱ्या कुठून उतरवायच्या, सगळं काढलं. मधात एका बोरीखाली अर्धा दिवस गेला, ते सोडा. बोरं लय गोड होती.

मग मागच्या सालचा जुना आराखडा हाती आला. त्यात लिहिलं होतं, ‘फुलसिंग यांनी मोहफुलं वेचण्यासाठी पाला जाळल्याने वणवा लागला.’ त्या एका ओळीपायी तुमाले मोह वेचाची बंदी झाली, आन् तुळसाकाकूले घरी एकटी ठेवून, अंजू पोरीले घेऊन तुमी ऊस तोडाले गेले.

काका, तुमी तं बकऱ्यांले पाणी पाजाले गेले होते. पाला मी पेटवला होता, खाली पडलेली फुलं दिसावी म्हणून. विझेस्तोवर हलू नको, असं तुमी बजावलं होतं. पण पिल्लू घेऊन एक रोही, नीलगाय, दिसली आन् मी तिच्या मागं गेलो. परत आलो तं तुमी पळसाच्या फांदीनं आग झोडपून राह्यले होते, भुवया जळालेल्या. लोक जमले तवा माझ्याकडं न पाहता तुमी म्हणाले, "मीच लावली." मांगून मले एवढंच, "तुले अजून लय जग पाहाचं हाय." पाहिलं काका. पार इंदूरपर्यंत पाहिलं. तुमच्यासारखा माणूस दिसला नाही.

काल ग्रामसभेत उभं राहून सगळं सांगितलं. निताताईनं तुमची ओळ खोडली, तिथं माझं नाव लिहिलं. तुमची बंदी उठली. आता पाला जाळाचा नाही, झाडून काढाचा, आन् यंदा गावाच्या साऱ्या मोहांखाली तो मी झाडाचा, ही माझी शिक्षा. हे कळवाले लिहिलं. मोह टपकाले लागला काका, या.

थांबा, दारात तुळसाकाकू उभी हाय! तुमच्यामागं वर्षभर गावात कोणाशी बोलली नाही ती. हातात दोन खराटे हायेत. म्हणते, "पत्र मंग लिहीजो. पहिले आपल्या मोहापासून लाग."

तुमचाच,
हरीओम