कमलाच्या नावाची कमान

नेपरव्हिल,
१ सप्टेंबर २०२५

चि. मैत्रीस सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

काकाचा फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंच आहेस, म्हणून पत्र. सोबत ड्रॉइंग आणि फोटो आहेत. विहारामागच्या ओढ्यावर मी बांधलेला पूल तुझ्या काकूच्या स्मरणार्थ, तिच्याच नावाने १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, खुला करायचा आहे. कमिटीचा राकेश मात्र लायसन्सवाल्या इंजिनिअरचा शिक्का मागतो. माझं लायसन्स रिटायर झाल्यावर संपलं. तुझं इलिनॉयचं चालू आहे. तेवढा शिक्का मारून परत पाठव. उपदेश नको.

पूल अस्सल रोमन पद्धतीचा आहे. ओढ्यात ओंडक्यांचं कुंपण ठोकलं, फटी चिकणमातीने बुजवल्या, आतलं पाणी उपसलं आणि कोरड्यात पाया घेतला. लाकडी सेंटरिंगच्या तात्पुरत्या सांगाड्यावर पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्हीकडून चढवत नेले, मधला बसवला आणि सेंटरिंग काढून टाकलं. सिमेंट नाही, सळई नाही. दगड एकमेकांना रेटून उभे आहेत. रोममध्ये फॅब्रिशियस नावाच्या रस्ते-अधिकाऱ्याने कमानींचा पूल बांधला आणि त्यावर कोरून ठेवलं की ज्याने बांधला त्यानेच तो पास केला. दोन हजार वर्षं झाली, लोक अजून त्यावरून चालतात. त्याला पुतणीची सही लागली नव्हती.

सेट-स्क्वेअर कसा धरायचा हे तुला कोणी शिकवलं ते आठवत असेल, तर लोभ ठेव.

तुझा काका,
सुभाष


अर्विंग,
८ सप्टेंबर २०२५

ती. सुभाषकाकांना सप्रेम जयभीम. वि. वि.

शिक्का मारणार नाही. फोटो बघून मी कुठेच सही करत नाही, तुमच्या पुलावर तर नाहीच.

फॅब्रिशियसची गोष्ट तुम्ही नेहमीप्रमाणे अर्धीच सांगितलीत. त्याच पुलावर दुसराही लेख आहे. एक्केचाळीस वर्षांनी रोमच्या दोन कॉन्सलांनी तो पूल पुन्हा तपासून पास केला. तेवढं तुम्ही सोयीस्कर विसरलात.

फोटोत पार्किंगच्या बाजूला कमानीच्या खांद्यावर भराव पार वरपर्यंत आलाय, पलीकडचा खांदा उघडा आहे. दोन्ही खांदे बरोबरीने भरायचे असतात, नाहीतर कमान एकीकडे दबते आणि दुसरीकडे उचलते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. काय झालं असेल तेही मला दिसतंय. रविवारी वंदना झाली, श्रमदानाला पन्नास माणसं आली, गाड्यांमधून उतरून सगळ्यांनी जवळच्या बाजूला खडी ओतली आणि जेवायला गेली. तुम्ही फोटो काढून घेत होतात.

तुमचं हे जुनंच आहे. काकूच्या छातीतली कळ तुम्हीच तपासलीत आणि तुम्हीच ॲसिडिटी ठरवलीत. उद्या बघू म्हणालात. मी तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही.

लोभ ठेवा न ठेवा, भराव थांबवा.

मैत्री


नेपरव्हिल,
१३ सप्टेंबर २०२५

मैत्री,

या खेपेला आशीर्वाद लिहीत नाही.

कमलाचं नाव तू पुन्हा काढायचं नाहीस. दोन वर्षं आमच्या बेसमेंटमध्ये राहिलीस, तिच्या हातचं जेवलीस, आणि आता मला हे ऐकवतेस? पन्नास नव्हे, तीस माणसं होती. पलीकडच्या काठाला हातगाडी न्यायला वाट नाही, म्हणून ती बाजू मागाहून भरू. त्यात जग बुडत नाही. कमान महिनाभर उभी आहे. पार्सिपनीच्या निहारकडेही इलिनॉयचं इंजिनिअरचं लायसन्स आहे. त्याला ड्रॉइंग पाठवली आहेत, तो सही करेल. तू इकडे फिरकू नकोस.

लोभ तूर्तास बंद.

सुभाष


अर्विंग,
२३ सप्टेंबर २०२५

ती. काकांना जयभीम. वि. वि.

निहारने मलाच फोन करून विचारलं. तोही सही करणार नाही.

मी रविवारी येऊन गेले. तुमची गाडी दारात होती, तुम्ही दार उघडलं नाहीत. मी पूल मोजला. भरावाच्या बाजूला कमानीचा एक सांधा खालून इतका उघडलाय की माझा अंगठा आत जातो. पलीकडची बाजू वर उचललीय. आता घाईने तिकडे खडी टाकू नका. आधी सेंटरिंग परत खाली लावायला हवं. राकेशला सगळं दाखवलं आणि पुलावर दोन्हीकडून, खाली ओढ्यातसुद्धा, दोरी बांधून आले. १४ तारखेला तो उघडणार नाही.

राग माझ्यावर काढा. दोरीला हात लावू नका.

मैत्री


नेपरव्हिल,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. मैत्रीस आशीर्वाद.

काल सकाळी पूल पडला. कोणाला लागलं नाही.

तू गेल्यापासून राकेशने मला विहारात तोंड वर करू दिलं नाही. परवापर्यंत तुला शिव्या घालत होतो, आजही राग पुरता गेलेला नाही. पण तुझ्या काकूबद्दल लिहिलंस ते खरं आहे. ती दोनदा म्हणाली की डॉक्टरकडे जाऊ, आणि मी तिला गप्प केलं.

काल मी ओढ्यावर गेलो तो कात्री घेऊन. दोरी कापायची आणि १४ तारखेला सगळ्यांना पुलावरून चालवून दाखवायचं, असं मनाशी पक्कं होतं. राकेशची धाकटी मुलगी अनिका तिथे बेडूक शोधत होती. कमानीखाली जाऊ का म्हणून तिने विचारलं. मी म्हणालो, जरा थांब, दोरी कापतो, मग खुशाल जा. कात्री दोरीला लावली तेवढ्यात दगड खाली आले. ती माझ्या शेजारी उभी होती, हातभर अंतरावर. मी बराच वेळ तिचा हात सोडला नाही. ती मला विचारत होती की बेडूक मेले का.

घरी तिने पूल पडला एवढंच सांगितलंय. राकेश काल येऊन माझं सांत्वन करून गेला, माझे कष्ट वाया गेले म्हणून हळहळला. मी ऐकून घेतलं. कात्रीचं त्याला माहीत नाही. हे पत्र पोस्टात टाकून आता त्याच्याकडेच सांगायला निघालो आहे.

लोभ उरला असेल तर राहू दे. मागायचा मला हक्क नाही.

तुझा काका,
सुभाष